आधी कोपऱ्याला

पलागा आली त्या सप्टेंबरात
एक गाय, एक समोवार
आणि लोकरी शालीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन,
जे तिनं गाडीवानाच्या हाती दिलं नाही.

सरहद्द सरकली होती. कारेलियातलं तिचं गाव
दुसऱ्यांदा पलीकडे गेलं.
सरकारी कागदावर होतं: माणूस एक, गाय एक, मागची खोली.
बाबांनी कागद दोनदा वाचला, मग दार उघडलं.

शालीतून निघाला संत मिक्कुला.
हातभर फळी, काजळलेली सोनेरी कड,
आणि चेहऱ्याच्या जागी तपकिरी डाग,
कारण तिच्या आईनं, आजीनं, आजीच्या सासूनं
रोज तिथंच ओठ टेकवले होते.
"ह्यात तर काहीच दिसत नाही," बाबा म्हणाले.
"दिलं त्यानं सगळं," पलागा म्हणाली,
आणि खिळा मागितला.

खिळा बाबांनीच दिला. वाकडा होता.
ती दगडावर ठोकून सरळ करत बसली.
मागच्या खोलीत ओल, म्हणून मिक्कुलाला
मोठ्या खोलीतला पूर्वेचा कोपरा मिळाला.
हे आईनं ठरवलं, बाबा मळणीला गेले असताना.

तिच्या गावची विखुरलेली माणसं यायची,
उंबऱ्याशी चिखल झटकायची,
आधी कोपऱ्याला वाकायची, छातीवर क्रूस काढायची,
मग वळून घरधन्याची विचारपूस.
"माझ्या घरात," बाबा म्हणायचे,
"माझ्याआधी फळीला?"

रविवारी जेवण उरकलं की काळं बायबल टेबलावर.
"मध्यस्थ एकच. मेलेले झोपलेत,
त्यांना हाका मारू नयेत."
पलागा सलगम सोलत होती.
"परवा माझी दाढ ठणकत होती.
सायमाला म्हटलं, माझ्यासाठी प्रार्थना कर. तिनं केली.
तेव्हा नाही रागावलात."
"ती जिवंत आहे."
"मिक्कुलाही," म्हणाली,
आणि पुढचा सलगम उचलला.

मी दहा वर्षांची. मला दोघांचंही पटायचं,
आणि रात्री भीती वाटायची
की दोघांतलं कुणीतरी नरकात जाणार.

नोव्हेंबरात पास्टर सायकलवरून आले.
आईनं त्यांना फाटकाशीच पाहिलं
आणि हातातली बादली खाली ठेवली, अगदी सावकाश,
दूध सांडू नये म्हणून.
तह होऊन दोन महिने झाले होते.
आर्ने उत्तरेला होता, लॅपलंडात,
तिथं अजून कुणीतरी कुणावर तरी गोळ्या झाडत होतं.

त्या रात्री पलागानं कोपऱ्यात मेणबत्ती लावली.
कुणासाठी, ते बोलली नाही.
बाबांनी पाहिलं. सूप संपवलं.
विझव म्हणाले नाहीत.

आर्नेची टोपी दाराशी खुंटीवर होती,
कापणीच्या वेळची, कडेला घामाची खारट रेघ.
आईनं एकदा धुवायला काढली
तर बाबा ओरडले, आयुष्यात पहिल्यांदाच तिच्यावर.
मग ती तशीच राहिली.
बाबा शेतातून यायचे, बूट काढायचे,
टोपीच्या कडेला दोन बोटं लावायचे,
मग आम्हाला विचारायचे, जेवलात का.

पलागा चुलीपाशीच असायची.
तिनं ते रोज पाहिलं, दीड वर्षं.
एका शब्दानं बोलली नाही.
फक्त बाबा आत येताना ती उठून उभी राहायची,
चर्चमध्ये राहतात तशी.

सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात तिला जमीन मिळाली,
दलदलीची, पण स्वतःची.
मिक्कुला पुन्हा शालीत गेला.
खिळा राहिला. बाबांनी उपटला नाही,
त्यावर काही टांगलंही नाही.
शेवटपर्यंत म्हणत राहिले, ते चुकीचंच होतं.

आता सर्व संतांच्या दिवशी आमच्या चर्चमध्ये
वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात,
एकेका नावाला एकेक मेणबत्ती.
आमचे पास्टर आवर्जून सांगतात,
ही आठवण आहे, विनवणी नाही.
मी मान डोलावते. ल्यूथरन आहे, ल्यूथरनच मरेन.

पण ती टोपी आता माझ्या दाराशी आहे.
कडेचं कापड इतकं विरलंय
की पुठ्ठा दिसतो,
आणि ते विरणं सगळं
बाबांच्या बोटांचं नाही.